ट्रंक बोर्डावरचा अत्तराचा फाया

"बाई, तुम्हाला टीबी नाही. तुमच्या ऑफिसातलं अत्तर आणि उदबत्ती तुम्हाला सोसत नाही. ते बंद करायला सांगा."

धुळ्याला देवपुरातल्या छातीच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझे यजमान शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "एवढंच ना?"

हे दोन शब्द पुढे मी इतक्या तोंडांतून ऐकले, की आजही कोणी "एवढंच ना?" म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. एवढंच होतं. त्या एवढ्याशा गोष्टीपायी माझी नोकरी जायची वेळ आली होती.

मी टेलिफोन ऑपरेटर. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं ट्रंक एक्स्चेंज होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतली बरीचशी मंडळी अजून बाजारात भेटतात. आता नव्वदच्या दशकात पोरंटोरंही बटणं दाबून मुंबईशी बोलतात, म्हणून सांगावं लागतं. तेव्हा परगावी बोलायचं तर आमच्याकडे कॉल नोंदवावा लागे. आम्ही बोर्डावर दोऱ्या खोचून तो जोडायचो. केळीचा व्यापारी दिल्लीला भाव विचारायचा, कोणाच्या घरी कोणी गेलेलं असायचं, कोणाला मुलगा झालेला असायचा. या सगळ्यांच्या मध्ये माझा आवाज. आवाज हीच माझी नोकरी.

आणि तोच आवाज बसायला लागला.

सुरुवात साध्या खवखवीने झाली. ड्यूटीवर चढल्यावर तासाभरात घसा कोरडा, मग ढास, मग डोळ्यांतून पाणी. छातीत कोणी दोरी आवळल्यासारखं वाटायचं. घरी जाऊन ओट्यावर बसले की संध्याकाळपर्यंत निवळायचं. आमच्या गावच्या डॉक्टरांनी आधी सर्दीच्या गोळ्या दिल्या, मग खोकल्याचं औषध, मग दुसरं खोकल्याचं औषध. नंतर त्यांनी यजमानांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "एकदा जळगावला फोटो काढून घ्या."

फोटो म्हणजे छातीचा एक्स-रे. बाजूला घेऊन सांगितलं म्हणजे काय ते मला कळलं. जळगावला दवाखान्याच्या बाकावर बसून मी नंबरची वाट पाहत होते, तेव्हा मनातल्या मनात मुलींची लग्नं लावून झाली होती. फोटो स्वच्छ निघाला. थुंकी तपासली, तीही स्वच्छ. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी जीभ बाहेर ओढून आत आरसा घातला आणि स्वरयंत्र पाहिलं. त्याला ते लॅरिंक्स म्हणाले. थोडी सूज होती. "बोलणं कमी करा," म्हणाले. ऑपरेटरला सांगताहेत, बोलणं कमी करा!

मग आजूबाजूच्यांचे सल्ले. केळी बंद, दही बंद, ताक बंद, आंघोळीनंतर डोक्याला रुमाल. कोणी म्हणालं अडुळसा, कोणी म्हणालं मधात सुंठ. मी सगळं केलं. केळीच्या मुलखात राहून वर्षभर केळ्याला हात लावला नाही. खोकला जिथल्या तिथे.

उलगडा झाला तो बोदवडला. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी तिच्याकडे महिनाभर रजा टाकून राहिले. तिचं घर जिनिंगला लागून. कापसाची रुई हवेत उडते, अंगणात वाळत टाकलेल्या कपड्यांवर पांढरी लव बसते, समोर मिरची कांडपाची गिरणी. सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं, "तठे जाशी आन् खाट धरशी." आणि तिथे मी एकदाही खोकले नाही! मिरचीचा ठसका सगळ्या गल्लीला लागला तेवढाच मला लागला. परत आले, ड्यूटीवर गेले, आणि पहिल्याच कॉलला "हॅलो दिल्ली" म्हणताना ढास लागली.

हे मी धुळ्याच्या डॉक्टरांना सांगितलं. यजमानांच्या एका शिक्षक मित्रांनी त्यांचं नाव सुचवलं होतं. चाळीसगावहून गाडी बदलून गेलो. तोवरच्या सगळ्या डॉक्टरांनी माझी छाती ऐकली होती. या डॉक्टरांनी आधी माझं बोलणं ऐकलं. पहिला प्रश्न विचारला, "खोकला कुठे येतो?" तोवर सगळे विचारत होते, खोकला कसा येतो. त्यांनी एका प्लॅस्टिकच्या नळीत फुंकर मारायला लावली. तिला पीक फ्लो मीटर म्हणतात. आपण किती जोरात श्वास बाहेर टाकू शकतो ते तिच्यावरच्या काट्याने कळतं. ती नळी त्यांनी मला आठवडाभर वापरायला दिली. घरी फुंकायचं, ऑफिसात फुंकायचं. घरी काटा वर, ऑफिसात खाली. दर वेळी.

"याला हायपररिअ‍ॅक्टिव्ह एअरवेज म्हणतात," ते म्हणाले. "म्हणजे चटकन चिडणाऱ्या श्वासनळ्या. वर्षानुवर्षं सोसलेला उग्र वास एक दिवस सोसेनासा होतो आणि मग तो आला की त्या आवळतात. काही लोक केमिकल सेन्सिटिव्हिटी असंही म्हणायला लागलेत. डॉक्टरांचंच त्यावर एकमत नाही, तुम्ही नावाच्या मागे लागू नका. औषध श्वासातून ओढायचा पंप देतो, पण पंप म्हणजे छत्री. पाऊस घरातच पडत असेल तर आधी कौल बदला."

आता आमच्या खोलीत पडणारा पाऊस सांगते.

बोर्डाला धूळ चालत नसे. म्हणून खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद, चपला बाहेर, दारामागे आणखी एक दार, आणि वर थंड हवेचं यंत्र. ते माणसांसाठी नव्हतं हो, बोर्डासाठी होतं. आम्हाला फुकटात गारवा मिळे म्हणून अख्खं गाव आमचा हेवा करी. या बंद डब्यात सकाळी बोर्डाला हळदकुंकू वाहून उदबत्तीचा जुडगा ओवाळला जाई आणि तो बोर्डाच्या कोपऱ्यातच जळत राही. ते एक.

दुसरं, फाया. आमचे हेडसेट म्हणजे कानावर गोळे आणि तोंडासमोर भोंगा. ते खुर्चीचे असत, माणसाचे नव्हे. एक बाई उठली की दुसरी तोच भोंगा तोंडाशी धरी. पहिलीने कांदा खाल्लेला असे, तिसरीची दाढ किडलेली असे. म्हणून पाळी बदलली की कुसुमअक्का पर्समधून कुपी काढायच्या, कापसाचा बोळा हिन्याच्या अत्तरात भिजवायच्या आणि सगळे भोंगे आतून-बाहेरून पुसायच्या. उरलेला फाया प्रत्येकीच्या कानात. कुसुमअक्का आमच्यात सर्वांत जुन्या. साहेबसुद्धा त्यांना अक्काच म्हणत. फाया नाकारणं म्हणजे अक्कांना नाकारणं. आणि मी ते अत्तर सहा-सहा तास, नाकापासून दोन बोटांवर, ओठांना लावून बसत होते. त्यावर बारा वैद्यांनी माझं दही बंद केलं होतं!

धुळ्याहून आल्यावर मी आमच्या चौधरी साहेबांकडे गेले. ते सुपरवायझर. माणूस वाईट नव्हे, पण कोणताही निर्णय घ्यायचा म्हटलं की त्यांना चहा लागे. चहा झाला. मी म्हटलं, "साहेब, खोलीत उदबत्ती आणि अत्तर नको. डॉक्टरांनी सांगितलंय."

"एवढंच ना?" साहेब म्हणाले. "बघू."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं. नवीन लागलेली एक ऑपरेटर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "नाकानं कांदे सोलताहेत." कोणाला वाटलं मी धर्म बुडवायला निघाले. कोणाला वाटलं मला रात्रपाळी टाळायची आहे. घरी सासूबाई म्हणाल्या, "बठ्ठा गाव उदबत्ती लावस, तुलेच कसा तरास व्हस व माय?" याला उत्तर असतं तर मी धुळ्याला कशाला गेले असते?

पण विरोध परवडला. मला जेरीस आणलं ते मदतीनं.

एकीला वाटलं, डॉक्टर केमिकल म्हणाले, म्हणजे स्वस्तातलं अत्तर वाईट. तिने माझ्यासाठी मुद्दाम शुद्ध चंदनाचं तेल आणलं. "हे देवाचं शे ताई, याच्यात केमिकल नही." मी खोकून अर्धमेली झाले तर म्हणते, "शुद्धच शे, तुम्ही मनातून काढून टाका." दुसरीने हिन्याचा वास जावा म्हणून खोलीत गुलाबाचा फवारा मारला. वास मारायला वास! साहेबांनी तर कमाल केली. उदबत्ती खोलीबाहेर ठेवायचा त्यांनी हुकूम काढला, आणि ती ठेवली बाहेरच्या भिंतीवर, वाऱ्याने विझू नये म्हणून आडोशाला. आडोसा कसला? थंड हवेचं यंत्र जिथून बाहेरची हवा ओढतं, त्या जाळीचा. आता धूर कोपऱ्यात राहायचा बंद झाला आणि थेट आमच्या डोक्यावर यायला लागला, गार होऊन. मी सांगायला गेले तर साहेबांचा चेहरा उतरला. "मंगलाताई, तुमच्यासाठी किती करायचं हो?"

मी घरी येऊन रडले. खोटं कशाला सांगू, रागाने रडले. माझ्यावर कोणी दुष्टपणा करत असतं तर भांडता आलं असतं. इथे सगळे माझ्यासाठी काहीतरी करत होते. मी सांगितलेली एक गोष्ट सोडून.

मग तो कॉल झाला. रावेरकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचा दिल्लीचा अर्जंट कॉल होता. स्टेशनात मालाच्या वॅगन लागल्या होत्या आणि त्याला तातडीने काही सांगायचं होतं. लाइन खराब, दिल्लीला ऐकू जात नव्हतं, म्हणून ऑपरेटरनं मध्ये बोलून एकाचं दुसऱ्याला सांगायचं. मी तोंड उघडलं आणि ढास लागली ती थांबेना. दोरी निसटली. लाइन गेली. पुन्हा मिळाली तोवर उशीर झाला होता. त्याने वरपर्यंत तक्रार केली. मला त्याचा राग आला नाही. त्याचा माल सडत होता, माझ्या खोकल्याची कथा त्याने का ऐकावी?

मला मेमो आला. त्यापाठोपाठ हुकूम: जळगावला सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी करून घ्या, ऑपरेटरच्या कामाला फिट की अनफिट ते ठरेल. अनफिट म्हणजे खुर्ची गेली. त्यांच्या मर्जीने कुठे चिकटवलं तर चिकटवलं, नाहीतर घरी. यजमान म्हणाले, "सोड ना. माझा पगार आहे." ते प्रेमानेच म्हणाले. मी धुळ्याचे कागद काढून जळगावच्या पिशवीत भरले. ही नोकरी मी लग्नाआधी मिळवलेली होती. गावात बाईचा आवाज कोणी ऐकून घेत नव्हतं तेव्हा कलेक्टरही माझ्या "बोला" म्हणण्याची वाट पाहत होता. ती मी कोणाच्या हिन्यापायी सोडू?

जळगावच्या त्या दवाखान्यात फिनेलचा वास आणि पुढच्या बाकावरच्या बाईच्या वेणीत मोगऱ्याचा गजरा. मी दारात उभी राहून नंबरची वाट पाहिली. तपासणारे डॉक्टर वयस्कर होते, कंटाळलेले होते. त्यांनी छाती ऐकली, धुळ्याचे कागद चाळले.

"खोलीबाहेर तुम्हाला काही होतं?"

"नाही."

"खोलीत वास नसेल तर?"

"काही होणार नाही."

"मग तुम्हाला कशाला पाठवलं?" ते वैतागून म्हणाले. "खोलीला पाठवायचं होतं माझ्याकडे तपासायला."

दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याइतकं वैतागलं होतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी मला फिट ठरवलं आणि सुगंधी पदार्थ नसलेल्या खोलीत काम द्यावं असं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं, चहा मागवला, जाळीजवळची उदबत्ती काढायला लावली, आणि म्हणाले, "माझं काही नाही. पण अक्कांना तुम्ही सांगा."

कुसुमअक्कांना मी जिन्याखाली गाठलं. सरळ सांगितलं, "अक्का, फाया बंद करा, नाहीतर मला जावं लागेल."

अक्का कडाडल्या. "तुला माहीत नाही मंगल, हा फाया मी का लावते ते. तू यायच्या आधी इथे वत्सला होती. तिला टीबी झाला. गेली बिचारी. तिच्या खुर्चीवर बसायला एक पोरगी तयार होईना. भोंग्याला कोणी तोंड लावेना. तेव्हा मी अत्तरानं पुसून आधी स्वतः बसले, मग बाकीच्या बसल्या. माझ्या फायावर ही खोली चाललीय."

माझा राग तिथेच निवळला. त्यांची चूक होती, अत्तराने जंतू मरत नाहीत. पण त्या चुकीतच त्यांची हिंमत होती. मी म्हटलं, "अक्का, प्रत्येकीचा भोंगा वेगळा असला तर फाया लागेल का?"

"सरकार देईल वेगळा?"

सरकार कसलं देतंय! पण स्टोअरमध्ये बिघडलेल्या जुन्या हेडसेटांचा ढीग होता आणि त्यांचे भोंगे फिरवून काढता येत होते. ते काढले, साबणाच्या पाण्याने धुतले, उन्हात वाळवले. प्रत्येकीने आपापल्या भोंग्याला रंगीत दोरा बांधला. ड्यूटीवर आलं की आपला लावायचा, जाताना काढून डब्यात. अक्का दोन दिवस फुगून बसल्या. तिसऱ्या दिवशी आपल्या भोंग्याला त्यांनी लाल दोरा बांधला आणि मला म्हणाल्या, "दसऱ्याला मात्र उदबत्ती लागेल. देवाशी खेळ नको."

ही गोष्ट मी घरी सांगितली. सासूबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देव काय वास लीसन पावस का?" देव वास घेऊन पावतो का, हे विचारणाऱ्या आमच्या सासूबाई! मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कोणाच्या घरी आले की काय! हे वाक्य मी अक्कांना जसंच्या तसं सांगितलं, सासूबाईंच्या नावावर. वयाचा मान अक्कांना कळत होता. त्या दसऱ्याला बोर्डापुढे तेलाचं निरांजन आणि बिनवासाची जास्वंद होती.

मी लगेच बरी झाले असं नाही. खोकला हळूहळू हटला. पंप अजून पर्समध्ये असतो. लग्नाच्या मांडवात मी मागे, दाराशी बसते आणि गुलाबपाणी शिंपडणारा दिसला की उठते. नातेवाइकांना मी शिष्ट वाटते. वाटू दे. पण बोर्डावर माझा आवाज परत आला, आणि ते एक्स्चेंज बंद होऊन सगळं आपोआप जुळायला लागेपर्यंत मी त्या खुर्चीवर होते.

ज्यांना असा त्रास आहे त्यांना एवढंच सांगते: "मला त्रास होतो" म्हणून थांबू नका. लोक दया दाखवतात आणि चंदन आणून देतात. काय नको ते सांगा, आणि त्याच्या जागी काय चालेल तेही तुम्हीच सांगा. खोकला कुठे येतो ते स्वतः तपासा. आणि मदत करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, आधी विचारा. धुळ्याच्या आणि जळगावच्या त्या दोन्ही डॉक्टरांची मी ऋणी आहे. सासूबाईंचीही, पण ते त्यांना सांगायचं राहून गेलं.

एक गोष्ट सांगायची आहे. फाया बंद होऊन काही महिने झाल्यावर एका दुपारी कॉल कमी होते. कुसुमअक्कांनी कानावरचे गोळे काढले, थोडा वेळ कपाळ चाचपलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंगल, हल्ली माझं डोकं दुखत नाही."

"आधी दुखायचं?"

"रोज. दुपार झाली की ठणकायला लागायचं ते झोपेपर्यंत. नोकरीला लागल्यावर दोन-तीन वर्षांनी सुरू झालं होतं."

म्हणजे वत्सला गेल्यावर. म्हणजे फाया आल्यावर. मला संताप आला. ही बाई वीसएक वर्षं स्वतःच्या हाताने स्वतःला ते लावत होती, आणि माझ्याशी भांडत होती!

"मग अक्का, कधी बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलायचं?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, नोकरी करणाऱ्या बाईचं डोकं दुखायचंच."